गीता ३.१३ : परत आलेली पिशवी



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १३.

काल बाराव्या श्लोकात भगवंतांनी एक कडक शब्द वापरला होता, चोर. देवांनी दिलेलं घ्यायचं, त्यांना परत काहीच द्यायचं नाही आणि एकट्यानेच भोगायचं, असं करणारा तो चोर. आज ते आणखी एक पाऊल पुढे जातात. यज्ञ करून जे उरतं ते खाणारे सज्जन सगळ्या पापांतून सुटतात, आणि जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात ते अन्न नाही, पाप खातात. श्लोकाचा सरळ अर्थ एवढाच.

हा श्लोक माझ्या फार आवडीचा होता. 'होता' म्हणतोय, कारण तो मला कधी लागू होईल असं वाटलंच नव्हतं. आपण तर देणाऱ्यांतले! आमच्याकडे पहिली भाकर गाईची आणि दारात आलेला माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही, हे आजीपासून चालत आलेलं. त्यात माझं इंजिनिअरिंग झालं शेगावला. महाराजांच्या प्रसादाच्या पंगतीत किती वेळा बसलो त्याला गणती नाही. अन्नदान म्हणजे काय हे मला कुणी शिकवावं असं काही उरलेलंच नाही, अशी माझी समजूत. ती कुठे मोडली ते आज सांगतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

२०२० च्या मार्चमध्ये कंपनीने लॅपटॉप घेऊन घरी जा म्हटलं आणि मी पुण्याहून अमडापूरला आलो. घरामागे दोन गुंठे जागा नुसती पडून होती. काटेरी कुंपण, एक शेवगा, आणि मोरीचं पाणी जिथे जिरतं तिथे आपलं आपण वाढलेलं अळू. म्हटलं, परसबाग करू. व्हिडिओ बघून गोल आखणी केली. सात वाफे, आठवड्याच्या एकेका वाराला एकेक, म्हणजे रोज एका वाफ्यातली भाजी तोडायची. आई शेजारी उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "बापू, तू आखलं लय छान. पण वेलीले कुठं समजते आज कोणता वार हाय?"

श्रावणात तिचं म्हणणं खरं झालं. दोडके, गिलके, भेंडी, बरबटी, कोहळं (तुमचा लाल भोपळा), सगळं एकदम आलं. खाऊन खाऊन किती खाणार? मग वाटायला सुरुवात केली.

आता इथे जरा थांबून एक हिशोब सांगतो, कारण तो केल्याशिवाय या वाटण्याला अर्थ कळत नाही. अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला ३५ किलो. हे फार मोठं काम आहे, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. माझ्या आजीने भाकरीसाठी जे दिवस काढले ते त्यामुळे पुष्कळांना काढावे लागत नाहीत. पण गहू-तांदळात भाजी येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात. चार माणसांचं घर धरलं तर दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम, आठवड्याला ११ किलोच्या वर. मजुरीवर जगणाऱ्या घरातली बाई आठवडी बाजारातून ११ किलो भाजी आणताना तुम्ही पाहिली आहे का? मी नाही पाहिली. पिशवीच्या तळाशी बटाटे-कांदे, वर एखादी मेथीची जुडी, आणि मंगळवारी आणलेलं शुक्रवारी संपलेलं. मग चटणी-भाकर, किंवा भात आणि पातळ वरण. पोट भरतं, पण लेकरू वाढत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. शंभरातली पस्तीस!

आणि हे कुठे, तर हिरव्यागार वावरांच्या मधोमध. आमच्याकडे चहूकडे सोयाबीन, पऱ्हाटी, तूर. पूर्वी धुऱ्यावर अंबाडी असायची, तुरीच्या ओळीत बरबटी असायची, निंदायला आलेल्या बाया संध्याकाळी ओट्यात भाजी घेऊन घरी जायच्या. आता तणनाशक फवारलं की तणासोबत ती भाजीही जाते. दिवसभर पिकात वाकलेली बाई घरी जाताना भाजी विकत घेते. हे बरोबर नाही, पण हे असं आहे.

तर २०२० चं साल. शाळा बंद, म्हणून शाळेतली गरम खिचडी बंद. तिच्याऐवजी कोरडा शिधा घरी. बाजार कधी भरायचा, कधी नाही. मला वाटलं, हीच वेळ आहे. आणि मी आयटीतला माणूस, मी काय केलं असेल? एक्सेल शीट केली. गल्लीतली गरजू घरं, घरात माणसं किती, कोणत्या तारखेला काय दिलं, किती ग्रॅम. स्टेटसला फोटो टाकायला लागलो. टोपलं, टोपल्यात भाजी, मागे हसणारं लेकरू. पुण्यातल्या मित्रांनी हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या. एकाने तर "तुझ्यासारखे लोक आहेत म्हणून जग चाललंय" असं लिहिलं. खोटं कशाला बोलू, तो मेसेज मी तीन-चार वेळा वाचला.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीत एक बाई राहते, नवरा नाही, रोजंदारीवर जाते, एक मुलगा. त्या मुलाच्या हातात कोहळं देऊन मी फोटो काढला. गोड आला होता फोटो. दोन दिवसांनी गल्लीतली पोरं त्याला "फुकट कोहळं" म्हणून चिडवायला लागली, हे मला नंतर कळलं. आधी काय कळलं, तर आमच्या फाटकाला एक पिशवी अडकवलेली. मी ज्या कापडी पिशवीतून भाजी पाठवली होती तीच. धुतलेली, घडी घातलेली. मी त्या बाईला विचारायला गेलो. ती काही रागावली नाही. दारातच उभी राहिली, म्हणाली, "भाऊ, भाजी चांगली होती. पण आता नको."

एवढंच. आणि नंतर कित्येक महिने त्या घरात आमची भाजी गेली नाही. म्हणजे माझ्या एका फोटोने त्या मुलाच्या ताटातली भाजी गेली. मी देत होतो तेव्हा मिळत होती, मी 'दान' करायला लागलो तेव्हा बंद झाली.

मी आईला म्हटलं, लोकांना किंमत नाही. (हे मी खरंच म्हटलं. लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं.) आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुनं त्या लेकराचा फोटो कायले काढला?"

मी गप्प.

"मी पण तर देते. माह्या देण्याचा कोणी फोटो पाह्यला?"

तेव्हा मला आईचं देणं आठवलं. ती कधी "घे, तुला देते" म्हणत नाही. कुंपणापलीकडून हाक मारते, "इकडे ये वं बाई, हे दोडके निबर होऊन राह्यले, घेऊन जाय, नाहीतर फेकाच लागतीन." घेणारी जणू आईवर उपकार करते. आणि वर आई विचारते, "तुह्याकडे सांभार हाय का थोडा?" घरात सांभार असतोच. तरी मागते. लहानपणी मला हे आईचं विसराळूपण वाटायचं.

त्या रात्री मी सतरावा अध्याय काढला. दानाचे तीन प्रकार तिथे आहेत, वीस ते बावीस श्लोकांत. द्यायलाच हवं म्हणून, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला, ज्याच्याकडून परत काही मिळायचं नाही अशाला दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीच्या आशेने किंवा फळावर नजर ठेवून, नाहीतर मन मारून दिलेलं ते राजस. आणि अवेळी, भलत्या जागी, मान न राखता, तुच्छ लेखून दिलेलं ते तामस. मी स्वतःला इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसवलेलं. फोटोला मिळणाऱ्या हात जोडल्याच्या खुणा, ती काय फळाची आशा नव्हती? आणि मला तुच्छ लेखायचं नव्हतं, हे अगदी खरं. पण त्या मुलापर्यंत पोहोचलं ते काय पोहोचलं?

मग आजचा श्लोक पुन्हा वाचला, आणि तो पहिल्यांदा मला लागला. स्वतःसाठी शिजवणारा म्हणजे एकटा खाणारा, असं आपण समजतो. पण सगळं वाटून टाकूनही माणूस स्वतःसाठीच शिजवत असू शकतो. माझा एक दोडकाही मी एकट्याने खाल्ला नव्हता. तरी तो सगळा स्वयंपाक माझ्या नावासाठी चालला होता.

मागे दोन दिवसांपूर्वी अकरावा श्लोक पाहिला होता, आठवतंय ना? तुम्ही देवांना वाढवा, देव तुम्हाला वाढवतील, एकमेकांना वाढवत परम कल्याण मिळवा. आणि पुढे सोळाव्यात येईल की हे फिरतं चक्र जो पुढे चालवत नाही त्याचं जगणं व्यर्थ. चक्र आहे हे. नळ नाही, की एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला बादली घेऊन उभी असलेली ती. मी तिला फक्त घेणारी करून ठेवली, म्हणजे चक्र तिच्यापाशी थांबवलं. यज्ञ मोडला तो मी.

सातवा वाफा मी तेव्हा काढून टाकणार होतो, बरबटीवर मावा पडला होता. आई म्हणाली, "जाय, अन् तिले बरबटीचं बी माग. तिच्या माहेरचं हाय, मावा नाही धरत लवकर." मी म्हटलं, ती देईल? आई म्हणाली, "मागून तर पाय."

मागायला जाणं देण्यापेक्षा किती अवघड असतं ते त्या दिवशी समजलं. फाटकापर्यंत जाऊन मी दोनदा परत आलो. शेवटी गेलो. बाईने आतून एक जुना पत्र्याचा डबा आणला. राखेत ठेवलेलं बी. मूठभर माझ्या हातावर घातलं आणि म्हणाली, "सगळं नको पेरू भाऊ. अर्धं ठेव. पाऊस दगा देते." आणि मग दहा मिनिटं तिने मला बियाण्याची शेंग कशी निवडायची ते सांगितलं. पहिल्या बहराची, वेलाच्या खालच्या अंगाची, चांगली भरलेली. वेलावरच वाळू द्यायची. मी बी.ई. झालेला माणूस, वहीत लिहून घेत होतो.

तुम्ही राहीबाई पोपेरे यांचं नाव ऐकलं असेल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या, २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव होतं. गावरान बियाणं जपणाऱ्या म्हणून त्यांना बीजमाता म्हणतात. पुरस्कार दिल्लीत मिळतो, पण असे राखेचे डबे गावोगाव आहेत, आणि ज्यांच्या घरी ते आहेत त्यांचीच नावं माझ्यासारखा कुणीतरी 'गरजू' म्हणून शीटमध्ये भरतो.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या कुंपणावर तिची बरबटी चढली. तोडणीला तीच आली, आईने बोलावलं म्हणून. जाताना भाजी घेऊन गेली, तिच्याच बियाण्याची. पिशवी मी दिली नाही, तिने ओट्यात नेली.

शीट मी बंद केली. फाटकाजवळ दगडी ओटा आहे, त्यावर सकाळी एक टोपलं ठेवतो. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने टाकावं, ज्याला हवं त्याने न्यावं. कुणाचा शेवगा असतो, कुणाची चार लिंबं. माझं कामाचं टेबल नेमकं त्या खिडकीशी होतं, कॉल चालू असतानाही डोळे तिकडे जायचे, कोण आलं, किती नेलं. महिनाभराने टेबल दुसऱ्या भिंतीला लावलं. सवय इतक्या सहज जात नाही बरं का. मागच्याच आठवड्यात टोपलं रिकामं बघून मनात आलं की साधारण किती किलो गेलं असेल...

शेगावच्या महाराजांची पहिली गोष्ट आपण सगळे सांगतो. २३ फेब्रुवारी १८७८. पातुरकरांच्या घरासमोर उष्ट्या पत्रावळी पडलेल्या, आणि महाराज त्यांवरची भाताची शितं वेचून खात बसलेले. बंकटलाल आणि दामोदरपंतांनी त्यांना पाहिलं. आपण ही गोष्ट 'अन्न परब्रह्म आहे' यासाठी सांगतो, आणि ते आहेच. ज्ञानोबामाउलीही ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी सांगतात की अन्नाला साधं समजू नका, साऱ्या विश्वाच्या जगण्याचं कारण तेच. पण मला आताशा त्या गोष्टीत बंकटलाल जास्त दिसतात. त्यांनी आधी विचारलं, अन्न हवं का. मग ताट आणवलं. कोण आहेस, कुठला आहेस, गरजू आहेस का, असलं काही तपासलं नाही. आणि ज्याला त्यांनी ताट दिलं तो कोण निघाला, ते आपल्याला माहीत आहे.

सावता महाराजांचंही तसंच. अरणचा माळी, वाफे सोडून पंढरीला गेला नाही, भाजीच्या मळ्यातच त्याला विठ्ठल भेटला. आजही सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात आणि पांडुरंगाची पालखी अरणला जाते. देव माळ्याच्या दारी येतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची तीन व्रतं आहेत : अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, आणि अन्न भरपूर करावं. पहिली दोन आपल्याला पाठ आहेत, ताटात टाकू नको म्हणून लहानपणी मारही खाल्लेला असतो. तिसरं व्रत शेतकऱ्याचं म्हणून सोडून देतो. पण तेही घरच्याच माणसाला सांगितलंय. आणि लगेच पुढे आहे, वस्तीला आलेल्या कुणालाही नाही म्हणू नये, म्हणूनच भरपूर अन्न मिळवून ठेवावं.

आता खरी अडचण. श्रावणात देणं सोपं आहे, तेव्हा गाईसुद्धा दोडक्याला तोंड लावत नाहीत. वैशाखात काय? विहिरीला पाणी नाही, टोपलं रिकामं, शाळेला सुट्टी म्हणजे दुपारचं जेवण बंद. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतलं जेवण चालू ठेवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ सालचा आदेश आहे. म्हणजे ही भूक कुणाला दिसली नव्हती असं नाही. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही हात टेकले. शेवग्याचा पाला तेवढा होता, तो उन्हाला दाद देत नाही.

उपाय परत त्या बाईनेच काढला. पौषात हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून, सावलीत वाळवून ठेवायचे. ही आपल्याकडची जुनीच चाल, मी विसरलो होतो. वावरवाल्यांना विचारलं तर त्यांनी आनंदाने हो म्हटलं, कारण शेंडे खुडले की हरभरा जास्त फुटवे धरतो, त्यांचाही फायदाच. (फवारणीचं मात्र आधी विचारून घ्यावं लागतं. फवारलेल्या वावराची भाजी नको म्हणजे नको.) मागच्या हिवाळ्यात पाच-सहा जणी मिळून खुडायला गेल्या, आईपण गेली, गुडघे दुखतात तरी. वाळलेली भाजी डब्यांतून घरोघर गेली, आमच्याही घरी आली. म्हणजे या वैशाखात आमच्या ताटात जी भाजी होती ती तिच्या हातची होती. मला वाढताना आई काही बोलली नाही. मीही नाही.

दोन गुंठ्यांनी गावाची भूक मिटत नाही, हे मी कुणापासून लपवत नाही. मजुरीला भाव मिळायला हवा, रेशनवर डाळ-तेल यायला हवं, शाळेच्या खिचडीत रोज भाजी पडायला हवी. ती कामं ज्यांची आहेत त्यांना ती सुटत नाहीत, आणि परसबाग दाखवून ती टाळूही नयेत. मी फक्त आजच्या श्लोकापुरतं बोलतोय, माझ्या चुलीपुरतं.

तो मुलगा आता नववीत आहे. आमच्या फाटकातून सरळ आत येतो, मोटर चालू करतो, मला विचारत नाही. परवा मला म्हणाला, "दादा, तुमचा तिसरा वाफा चुकला हाय, पाणी तिकडं चढतच नाही." बघितलं तर खरंच. चार वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं. काल संध्याकाळी दोघांनी मिळून उतार बदलला.

वाफे तयार आहेत. बी अर्धं आमच्या डब्यात, अर्धं तिच्या डब्यात. तिने बजावलंय, पहिल्या सरीला भुलायचं नाही, जमीन चांगली वितभर ओली झाल्याशिवाय पेरायचं नाही. टेकडीवर बल्लाळदेवीच्या मागे रोज दुपारी ढग जमतात आणि पुढे निघून जातात.

उद्या श्लोक १४. अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न.

जय गजानन.